शेर्पावहिनींचं शिखर

पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून जिना चढणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनमध्ये डोंगर म्हणून दाखवायचा तर कालव्यावरचा पूल. म्हणून लॉकडाऊनमध्ये आल्प्सच्या सरावासाठी आमच्या शेजारच्या वहिनी इमारतीचा जिनाच चढत-उतरत राहायच्या. सगळे त्यांना शेर्पावहिनी म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं, आणि कौतुकानं मुळीच नाही.

कारण आल्प्सचं वेड माझं. पुण्यात असताना मी किल्ल्यांमागून किल्ले पालथे घातलेले. आम्ही चढणार होतो ते ऑस्ट्रियातलं शिखर मी शोधलं, नकाशा मी पाठ केला, बूट कुठले घ्यायचे तेही वहिनींना मीच सांगितलं. नागपूरला त्या चढल्या असतील तर सेमिनरी हिल्सची टेकडी! असं चिडवलं की म्हणायच्या, "तिथंही गाडीनंच जायचो न ताई." त्यांना कशाचा राग म्हणून यायचा नाही. मला त्याचाही राग यायचा.

सीमा उघडल्या, आमच्या गटानं तिथं घर बुक केलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. दाराशी वरणभाताचा डबा ठेवून वहिनी खिडकीखालून ओरडल्या, "आम्ही पण नाही जात!" मी म्हणाले, "जा हो, खुशाल जा." तर त्या खरंच गेल्या.

मग शिखरावरून व्हिडिओ कॉल आला. मागे चारी बाजूंना बर्फाचे डोंगर, आणि या बाईला साधा दमही लागलेला नाही. माझा नुसता जळफळाट झाला. "प्रज्ञाताई, इथं कोणालाच काही समजत नाही. तुम्हीच सांगा न, हे कोणतं?" म्हणत त्यांनी फोन फिरवला. मी खोकत खोकत सांगत गेले: ती हिमनदी, ते झुगस्पित्झ शिखर, त्यापलीकडे जर्मनी. एकेक नाव वहिनी मोठ्यानं सगळ्यांना ऐकवत होत्या. फोन ठेवला आणि मी पोटभर रडले.

पुढच्या वर्षी त्या नागपूरला परतल्या. माझी छाती काही पहिल्यासारखी झाली नाही. हल्ली पूल आला की मी सायकलवरून उतरते. परवा फोनवर वहिनींनी घरी आलेल्या मैत्रिणींना माझी ओळख करून दिली. "ह्या प्रज्ञाताई. आम्ही सोबत आल्प्सवर गेलो होतो. वर उभं राहून ह्यांनीच मला सगळी शिखरं दाखवली."

त्या थापा मारत नव्हत्या. त्यांना ते तसंच आठवतं. वहिनींचा हेवा एखादे दिवशी सरेलही. पण त्यांच्या शेजारी वर वाऱ्यात उभी असलेली ती प्रज्ञा मला बघवत नाही.