कोरड्या वावरात स्टीलहेड

मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, मी रोज सकाळी कॅनडातल्या एका नदीची पातळी बघत होतो. मोबाइलवर दिसते. चष्मा कपाळावर, चहाचा कप हातात, आणि घरभर माझी दवंडी, "आज पाणी दोन इंचांनी उतरलं हो!"

"आपल्या नळाला कधी येणार, ते आधी सांगा," बायको स्वयंपाकघरातून म्हणायची.

तिचं बरोबर होतं, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. माझा एक मामेभाऊ तिकडे स्थायिक झालाय. त्यानं फोनवर सहज म्हटलं, "ऑक्टोबरात ये. स्टीलहेडला जाऊ." झालं! स्टीलहेड म्हणजे नदीत जन्मणारा, समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत परतणारा मासा. चांदीसारखा चकचकीत आणि जावयासारखा मानी. त्याच्यासाठी पिसं आणि दोरे गुंडाळून खोटा किडा बनवायचा, तेरा फुटी काठीनं तो नदीत लांब भिरकावायचा, प्रवाहाबरोबर फिरू द्यायचा. मासा नाही लागला तर दोन पावलं खाली सरकून पुन्हा फेकायचा. हजारदा फेकलं की एकदा लागतो म्हणे. आणि लागला की हळूच सोडून द्यायचा!

हे सगळं मला इतकं भव्य आणि इतकं बिनकामाचं वाटलं की मी तिथल्या तिथे होकार दिला.

भावाची अट एकच. "दोन्ही हातांनी काठी फेकायला शिकून ये. नाहीतर काठावर बसून आमच्यासाठी चहा करशील." गावाकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी त्यानं एक जुनी काठीही पाठवली. मग मला दम निघेना. कपाटाच्या दाराला आतून नकाशा चिकटवला. थंडीच्या कपड्यांची यादी केली, फाडली, पुन्हा केली. व्हिसासाठी मुंबईत बोटांचे ठसे द्यायची तारीख घेतली. आणि गच्चीवर सराव सुरू केला. गळाऐवजी दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा.

चौथ्या दिवशी तो गोंडा शेजारच्या गच्चीवर अक्कांनी वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांवर पडला. मी ओढला. तीन बिबडे सोबत आले.

"मासे धरताय की माझं वर्षाचं वाळवण?" अक्का कडाडल्या. गच्ची बंद.

म्हणून मी भडगाव गाठलं. तिथं माझी सासरवाडी. गिरणेच्या काठाला सासऱ्यांचं एक वावर आहे, उन्हाळ्यात रिकामं. नदीत नुसती वाळू. मी वावरालाच नदी मानलं आणि सुरुवात केली. फेकायचं, डोळे मिटून दोरीचा ताण हातात जोखायचा, दोन पावलं सरकायचं. पुन्हा फेकायचं. शेजारच्या बांधावर एक आबा कधीपासून बसून होते, ते मी पाहिलंच नाही. त्यांची लिंबाची बाग पलीकडेच, पानं करपायला लागलेली.

"पाव्हना," ते जवळ येऊन म्हणाले, "पानी कोठे शे?"

माझ्या ध्यानात आलं. आबा मला पाणाड्या समजले होते! आमच्याकडे बोअर घेण्याआधी पाणी कुठे लागेल ते सांगायला पाणाड्याला बोलावतात. कुणी तळहातावर नारळ ठेवून चालतो, कुणी फांदीचं दुबेळकं घेऊन. मग तेरा फुटी काठी आणि मिटलेले डोळे म्हणजे तर मोठाच पाणाड्या.

"नाही हो आबा, मी मासे..." एवढंच म्हणायचं होतं. पण तरुणपणी गणपतीत नाटकं केलेला माणूस मी. समोर एक प्रेक्षक, तोही इतका उत्सुक! मी डोळे मिटले, श्वास रोखला, काठी डोक्यावरून फिरवली आणि गोंडा त्यांच्या हद्दीत सोडला. फेक सुरेख झाली. कसलेल्या नटासारखा थांबून मी म्हणालो, "इथे."

आबांनी तिथं दगड ठेवला आणि त्याला हात जोडले.

जळगावला येऊन हा किस्सा मी चहाच्या टपरीवर तीनदा साभिनय सांगितला. तीनदा हशा मिळवला. आठवड्यानं आबांचा फोन आला. "बोरनी गाडी शुक्रवारी येस. नारळ फोडाले तुम्हीच या. गावना जवाईना शब्द शे."

मी किस्सा सांगणं बंद केलं. एक बोअर कोरडं गेलं तर दुसरं घेणं आबांना परवडणार नाही आणि बाग पावसापर्यंत तग धरणार नाही, हे त्याच संध्याकाळी सासऱ्यांकडून कळलं. शुक्रवारीच माझे मुंबईत बोटांचे ठसे. मी नकाशासमोर उभा राही आणि मला नदीऐवजी तो दगड दिसे. फोन करून सांगावं म्हटलं, तर नंबर लावून तीनदा कापला.

"मासा धरून सोडायचा म्हणता ना?" बायको म्हणाली. "आबांना धरलंत. आता सोडा की. आणि मला माहेरी तोंड दाखवायची सोय ठेवा."

शुक्रवारी मी मुंबईच्या गाडीऐवजी भडगावच्या एसटीत बसलो. बोअरची गाडी आबांच्या वावरात उभी होती. आबांच्या हातात नारळ.

"आबा, मी पाणाड्या नाही. ती मासे धरायची काठी आहे. मी गंमत केली. तिथं खोदू नका."

गाडीवाला हसला. आबा हसले नाहीत. दगड उचलून त्यांनी बांधापलीकडे फेकला.

"पानाड्या मी बहू देखात," ते म्हणाले. "चुकनू म्हननारा तुम्हीच पहिला. आते खरं सांगा, कोठे खोदू?"

"मला खरंच माहीत नाही, आबा."

"मंग माले तरी कोठे माहीत शे!" ते पहिल्यांदा हसले. त्यांच्या वडिलांची बुजलेली विहीर बागेच्या खालच्या कोपऱ्यात होती. तिथं एकेकाळी पाणी होतं, म्हणून त्यांनी गाडी तिकडे नेली. नारळ मात्र माझ्याच हातून फोडून घेतला.

दुपारपर्यंत पांढरी धूळ उडत होती. मी त्या धुळीत उभा. बसवेना, जाववेना. मग धूळ काळसर झाली, ओली झाली, आणि करंगळीएवढी धार लागली. गाडीवाला म्हणाला, "कमीच आहे." आबांनी तीच धार ओंजळीत घेऊन तोंडावर मारली.

ठशांची तारीख हुकली आणि नवी वेळेत मिळाली नाही. भाऊ म्हणाला, "पुढच्या ऑक्टोबरात ये." तेव्हापासून माझी पुढच्या वर्षाची यादी चालू आहे, तिसरी आवृत्ती. आबा ती धार शेततळ्यात साठवून बागेला पुरवतात. मी रविवारी तिथं जातो. माझी दोरी आता मातीवर नाही, पाण्यावर पडते.

परवा मी तशीच फेकली आणि थांबलो. आबा बांधावर बसलेले.

"लागनं का, पाव्हना?"

"नाही, आबा."

"मंग काय उभा राहिनात? दोन पावलं सरका!"