भाऊजींची लाडकी विमान कंपनी

आमचे भाऊजी वजनकाटे तपासतात. दुकानातल्या गल्ल्याशेजारचा काटा नव्हे. कारखान्याच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला असतो, ज्यावर अख्खा ट्रक चढतो, तो. शिवाय औषधांच्या कारखान्यातले बारीक काटे आणि सोनारांचे त्याहून बारीक. काटा खरं बोलतो की खोटं, हे भाऊजी सांगतात, आणि खोटं बोलत असेल तर त्याच्या पोटात हात घालून त्याला खरं बोलायला लावतात. महिन्यातून दोनदा तरी विमानानं कुठल्या ना कुठल्या गावी जातात. बरोबर एक लोखंडी पेटी, तिच्यात मखमलीच्या खाचांत बसवलेली वजनं. त्या वजनांना ते उघड्या हाताने शिवत नाहीत, हातमोजे घालतात. माझ्या बहिणीच्या हातचा चहा मात्र तसाच घेतात, तिला ‘बरा झालाय’ असंही न म्हणता. असो. माझी ताई आहे, म्हणून माझा जीव जळतो.

मी विमानाची तिकिटं काढून द्यायच्या ऑफिसात काम करते. त्यामुळे एकोणीस वर्षं भाऊजींचं प्रत्येक तिकीट माझ्या हातून गेलंय आणि एकोणीस वर्षं ते एकाच कंपनीचं गेलंय. दुसरी कंपनी स्वस्त असो, वेळेवर असो, दारात विमान उभं करो, भाऊजी म्हणणार, “आपलीच बघ गं.” आपली म्हणजे काय? यांच्या वडिलांनी काढली होती?

हे प्रेम कसं जडलं तेही सांगते. विमानतळावर सामान द्यायच्या खिडकीपाशी गेल्यावर भाऊजी बॅग ठेवत नाहीत. आधी हातमोजे चढवतात, पेटीतलं दहा किलोचं वजन काढतात, ते तिथल्या काट्यावर ठेवतात आणि आकडा बघून समोरच्या माणसाला सांगतात, “तुमचा काटा इतके इतके ग्रॅम चुकतोय.” मागची रांग दातओठ खात असते. बाकी कंपन्यांनी त्यांना हाकललं. या एका कंपनीच्या खिडकीतल्या बाई मात्र एके दिवशी म्हणाल्या, “असं होय? थांबा.” आणि त्यांनी कागदावर स्वतःच्या अक्षरात ‘हा काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो’ असं लिहून काट्यावर चिकटवलं. झालं! भाऊजी विरघळले. “चूक कबूल करणारी कंपनी आहे,” असं घरी येऊन आठवडाभर सांगत होते. तो कागद पुढे चार वर्षं तिथेच होता. काटा कुणी दुरुस्त केला नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर या कंपनीनं भाऊजींचे जे हाल केले, ते शत्रूचेही होऊ नयेत. तीन वेळा बॅग भलत्याच शहरात पाठवली. एकदा तर वजनांची पेटीच पाठवली आणि भाऊजी दोन दिवस औषधांच्या कारखान्यात हातमोजे घालून नुसते बसून राहिले. एकदा खुर्चीची पाठ जी मागे गेली, ती परत सरळ होईना. मागच्या बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून यांनी अख्खा प्रवास केला. खायला देतात तो पाव तर असा, की भिंतीत खिळा ठोकावा. आणि दरवेळी मी फोनवर आगपाखड केली की हे शांतपणे म्हणणार, “सूट, गं. सूट धरायची.”

ही सूट म्हणजे त्यांच्या धंद्यातली. कुठलाच काटा शंभर टक्के बरोबर नसतो म्हणे. ट्रकचा काटा वीस किलो इकडेतिकडे झाला तरी चालतो, कारण त्यावर चाळीस टनांचा ट्रक येतो. सोनाराचा काटा केसभरही हलून चालत नाही. जेवढं मोठं माप तेवढी सूट मोठी, हा भाऊजींचा नियम. ताईला तो लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाठ आहे. आणि एकोणीस वर्षांचा संबंध हे इतकं मोठं माप, की त्यात बॅग हरवली काय न् माणूस हरवला काय, सगळं सूट म्हणून खपतं.

बरं, ही सूट सगळ्यांना असती तरी मी हात जोडले असते. एका कानाजवळचे केस दुसऱ्यापेक्षा लांब राहिले म्हणून यांनी न्हावी बदलला. दाताचा डॉक्टर दहा मिनिटं उशिरा आला म्हणून दुखता दात घेऊन उठून आले. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. ताईला एकच लेक, ती समुद्रापलीकडे दूर असते. जावई जहाजावर नोकरीला. या वर्षी लेकीला दिवस गेले आणि बाळंतपणाची तारीख आली वीस. जावयाचं जहाज महिनाअखेरीशिवाय बंदराला लागणार नव्हतं. पहिलटकरीण पोर एकटी. फोनवर रडली. ताई म्हणाली, “तू घाबरू नकोस, मी तिथे असेन.” माझी ताई शब्द देत नाही फारसे, पण दिला की दिला.

भाऊजींनी छाती फुगवून सांगितलं, इतक्या वर्षांच्या निष्ठेचं बक्षीस म्हणून त्यांची लाडकी कंपनी दोन तिकिटं फुकट देतेय. बारा तारखेचं विमान. ताईनं आठवडा आधीच बॅगा भरल्या. आणि अकराला कंपनीच्या कामगारांनी संप पुकारला.

बाराचं विमान तेराला निघेल, असा निरोप आला. तेराला निरोप आला की चौदाला. चौदाला पंधराला. मी म्हटलं, “भाऊजी, हातपाय जोडते, दुसरी कंपनी बघू.” तर म्हणाले, “पडत्या काळात साथ सोडायची का?” जसं काही कंपनी यांच्या घरी आजारी पडली होती!

पंधराला मी न विचारता दुसऱ्या कंपनीत दोन जागा धरून ठेवल्या, त्याच संध्याकाळच्या. आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत सोडू नकोस. त्यापुढे तिलाही धरता येणार नव्हत्या. संपामुळे सगळं जग त्या जागांवर टपलेलं. मग बॅगांसकट आम्ही तिघं विमानतळावर गेलो, कारण भाऊजींना समक्ष चौकशी करायची होती.

आत सगळ्या खिडक्या रिकाम्या. बाहेर पायऱ्यांवर संपवाले फलक घेऊन बसलेले आणि त्यांच्या मधोमध, केस पांढरे झालेल्या, त्याच त्या कागद चिकटवणाऱ्या बाई. भाऊजींना कोण आनंद! बाईंनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. तीन माणसांचं काम एकाला, सुट्टी मागितली की साहेबांच्या कपाळाला आठ्या, आणि प्रवाशांच्या शिव्या खायला मात्र कामगारच पुढे. भाऊजी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. “अगदी बरोबर आहे तुमचं,” म्हणाले. बाईंना चहा प्यायचा होता, तेव्हा यांनी त्यांचा फलक हातात धरला.

एवढ्यात एक गृहस्थ तणतणत आले आणि थेट भाऊजींवर घसरले. “लाज वाटत नाही? तीन दिवस झाले, माझी बॅग कुठाय?”

“माफ करा,” भाऊजी नम्रपणे म्हणाले, “आमच्याकडून उशीर होतोय खरा.”

आमच्याकडून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गृहस्थांच्या मागोमाग आणखी चारजण आले आणि भाऊजींनी सगळ्यांची माफी मागितली. एका आजींच्या बॅगेचा रंगही लिहून घेतला. ताई बॅगांवर बसून हे सगळं बघत होती. नुकताच तिला लेकीचा फोन येऊन गेला होता आणि मोबाइल अजून तिच्या हातातच होता.

पावणेपाच वाजले. मी जाऊन फलक त्यांच्या हातातून ओढला. “भाऊजी, पंधरा मिनिटं आहेत. हो म्हणा.”

“अगं, उतावीळ होऊ नये,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षांत तीन दिवसांचा उशीर. हिशेब कर. इतक्या मोठ्या मापाला एवढी सूट—”

“अहो,” ताई म्हणाली.

ताई चारचौघांत यांना कधी तोडत नाही. ती उठून उभी राहिली.

“ट्रकच्या काट्याची सूट बाळंतपणाला लावू नका. सोनाराच्या काट्याला सूट नसते, हे तुम्हीच सांगता ना? मग हा सोनाराचा काटा आहे. वीस तारखेला पोचायचं म्हणजे वीसच्या आत पोचायचं. लेकीच्या जन्माच्या वेळी तुम्ही कुठल्याशा कारखान्यात ट्रकच्या काट्याखाली होतात. मी एकटीच होते. तेव्हा मीही सूट धरली. माझ्या पोरीनं का धरावी?”

भाऊजींनी आधारासाठी पाहावं तसं त्या खिडकीतल्या बाईंकडे पाहिलं. बाईंच्या हातात चहाचा पेला होता.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “आम्हीच आमच्या कंपनीवर रुसून पायऱ्यांवर बसलोय, आणि तुम्ही तिला धरून बसलाय होय? तुम्ही इथे तिष्ठत बसल्यानं आमच्या पदरात काही पडणार नाही. ताईंना घेऊन जा. आम्हाला काही वाईट वाटणार नाही.”

“पण इतक्या वर्षांची निष्ठा...”

“अहो, ती माझ्याशी होती. कंपनीच्या वहीत तुम्ही नुसता एक नंबर आहात.”

मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. पण या बोलण्यात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी धावतच मैत्रिणीला फोन लावला. दोनातली एक जागा गेली होती. एकच उरली होती.

मी हे सांगितलं, तेव्हा भाऊजी काही म्हणायच्या आत ताईनं आपली बॅग उचलली. माझी ताई आजवर शेजारच्या गावालाही एकटी गेलेली नाही. विमान तर आतून कसं असतं हे तिनं भाऊजींच्या तोंडूनच ऐकलेलं, आणि ते तर कधी तक्रारच करत नाहीत. “खिडकीची असेल तर बरं,” एवढंच मला म्हणाली. भाऊजींना म्हणाली, “फ्रिजवर सगळं लिहून ठेवलंय.” आणि गेली. भाऊजी तिच्या मागे दारापर्यंत गेले, दारावरच्या शिपायानं तिकीट मागितलं, तर यांच्याकडे त्या विमानाचं तिकीट कुठलं? ते परत आले.

पुढचे तीन दिवस ते रोज आमच्या ऑफिसात येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसायचे. मी विचारायची, कुठून तरी वळसा घालून जागा बघू का? तर म्हणायचे, “माझ्यावाचून काय अडलंय तिथे? संप मिटला की जाईन.” वजनं काढून पुसायचे, परत खाचेत ठेवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दया येते म्हणून आणखी राग यायचा. लाडक्या कंपनीचं नाव मात्र त्यांनी तीन दिवसांत एकदाही काढलं नाही.

अठराला दुपारी ताईचा फोन आला. बाळानं कुणाच्याच तारखेची वाट पाहिली नव्हती. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“मुलगी झाली,” ताई म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “दोघी छान आहेत. पूर्ण वेळ मी तिचा हात धरून होते. तीन किलो दोनशे.”

भाऊजी खुर्चीतून उठले. “काटा कुठला होता? बाळ ठेवायच्या आधी शून्यावर आणला होता का?”

जित्याची खोड! मी कपाळावर हात मारला. पण ताई चिडली नाही.

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी हातात घेतलं, अहो. बरोबर आहे.”

फोन ठेवल्यावर भाऊजींनी वजनांची पेटी बंद केली. मग म्हणाले, “तिकीट काढ.”

“कुठल्या कंपनीचं?” मी मुद्दाम विचारलं. मी तशी खाष्टच आहे.

“जी आधी पोचेल ती.”

होती एक. मध्ये तीनदा विमान बदलायचं, शेवटच्या रांगेतली मधली सीट, संडासाला लागून. मी ते सगळं वाचून दाखवलं. “चालेल,” म्हणाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले.

“आपल्या लेकीचं जन्माच्या वेळचं वजन किती होतं गं?” त्यांनी विचारलं. “मला आठवत नाही. नाही, आठवायचा प्रश्नच नाही. मी विचारलंच नव्हतं.”

“दोन किलो आठशे,” मी म्हणाले आणि त्यांचं तिकीट काढलं.