परत न येण्याचं गाणं

आमच्या बँडला मालवणात सगळे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत आणि माझं डोकं फिरे. आम्ही रॉक वाजवायचो, निदान आमच्या मते तरी. कोकण रेल्वे सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तोवर आम्ही चौघेही पन्नाशी ओलांडून बसलो होतो. ड्रमवाला तर गुडघ्याला पट्टा बांधून वाजवायचा. तरी शेवटचं गाणं तेच, मी एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं: ‘बाबा, दार लावून घ्या, मी परत येणार नाही.’ गंमत म्हणजे आमच्यापैकी एकानेही घर सोडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी देवळाच्या वर्धापनदिनाला आमचा कार्यक्रम होता. गायकाचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या दिवशी आखातात कामाला निघणार होता. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशाचीच सुरुवात होत नाही. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. त्या दिवशी माइक हातात घेऊन ते गायकानेच घातलं.

“बा देवा म्हाराजा, माझो झील उद्या परदेशाक जाता, तेका सुखरूप घराक परत हाड रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” अख्खं पटांगण म्हणालं.

शेवटी ते गाणं आलं. गायकाने डोळे मिटून ‘मी परत येणार नाही’ ही ओळ लांबवली, आणि पुढे बसलेले म्हातारे सवयीने एका सुरात म्हणाले, “होय म्हाराजा!”

लोक खो-खो हसले. मीही हसलो, आणि मग गायकाकडे पाहिलं. त्याचा आवाज तिथेच तुटला होता. देवाने यातलं कुठलं मागणं धरायचं? आणि मी तरी कुणाच्या बाजूचा? शब्द माझे, पोरगाही माझ्याच खांद्यावर खेळलेला. थांबावं की वाजवावं, काही सुचेना. बोटं आपली गिटारवर त्याच सुरात फिरत राहिली.

“बास झाला,” गायक मला म्हणाला. “ह्या गाणा आता नको.”

तेवढ्यात मुलगा स्टेजपाशी आला आणि बापाला हळूच म्हणाला, “बाबा, पुरा करा. माका जावची भीती वाटता. ह्या गाणा ऐकला काय जावक जरा धीर येता.”

गायकाने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा सूर धरला. त्याने घसा खाकरला आणि ती ओळ मुलाकडे बघत, पूर्ण म्हटली.