मामांनी मळलेली माती

भट्टीत जाण्याआधी प्रत्येक शिल्पाला मामा गाल लावून बघायचे. माती गार लागली, म्हणजे आत ओल आहे. "गार हाय ताई, राहू द्या अजून," म्हणायचे, आणि मी निमूट राहू द्यायचे.

पंचवटीतल्या कुंभाराच्या घरातला हा माणूस. गुडघ्यांनी दगा दिल्यावर चाक सोडलं आणि माझ्या स्टुडिओत माती मळायला येऊ लागले. मळलेला गोळा तारेने मधोमध कापून माझ्यापुढे धरायचे. "बघा. एक बुडबुडा नाय." तेव्हा चेहरा पोराचा निकाल दाखवणाऱ्या बापासारखा असायचा.

माझी अमूर्त शिल्पं म्हणजे त्यांना कोडंच. "याच्यात पाणी कुठून भरायचं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी कलेवर भाषण ठोकलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, शिल्पाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बाजार करून आलेल्या बाईवाणी दमलंय हे." तुम्हाला सांगते, त्या शिल्पाबद्दल इतकं खरं नंतर कुणीच बोललं नाही.

मग एकदा प्रदर्शन तोंडावर आलं. सगळ्यात मोठं, जाड बुडाचं शिल्प मामांच्या गालाला गार लागलं. "लय गार हाय ताई." मला कुठला धीर? मी भट्टी लावली. आतल्या ओलीची वाफ झाली आणि शिल्प फुटलं, शेजारची दोन घेऊन फुटलं.

भट्टी उघडली तेव्हा माझे विद्यार्थी भोवती उभे होते. त्यांच्यासमोर माझी अब्रू जाते की काय असं वाटलं, आणि मी बोलून गेले, "मामा, मातीत हवा राहिली होती."

मामा तुकडे उचलून कडा निरखत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

खरं सांगायला मी त्यांच्या घरी गेले ती दोन महिन्यांनी. याचीही लाज वाटते. मामा खाटेवरून धडपडत उठले, हात जोडले. "ताई, हात फसवायला लागलेत माझे. तुमचं एवढं काम गेलं." सून चहा घेऊन दारात उभी होती. सांगायचं ते वाक्य मी रिक्षात चार वेळा घोकलं होतं.

"असू द्या, मामा," मी म्हणाले. चहा छान झालाय, असंही म्हणाले.

गेल्या महिन्यात मामा गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा सून डोळे पुसत म्हणाली, "शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे. म्हणायचे, ताईंचं मन लय मोठं. माझ्या हातून एवढं नुकसान झालं, तरी त्यांनी माफ केलं."

मी तेव्हाही गप्प बसले.