वजन वाढलेलं पुस्तक

तराजूकाकांचा विश्वास जगात एकाच वस्तूवर होता, आणि ती त्यांनी बंद पडलेल्या एका औषधाच्या दुकानातून उचलून आणली होती. मोठा पितळी काटा, दोन पारडी, वर काचेची पेटी. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची वेगळी खोली होती, तिच्या दाराशी टेबलावर तो काटा असायचा आणि काट्यामागे काका. पुस्तक वाचकाच्या हाती द्यायच्या आधी तोलायचं, वजनाची चिठ्ठी टेबलावरच्या डब्यात टाकायची, परत आलं की पुन्हा तोलायचं. मधल्या वेळात वाचकाकडे असं बघत राहायचं, की आपण खरंच काही केलंय की काय, असं त्या बिचाऱ्याला वाटावं. कुणी खोकलं तर काकांची मान वर. खोकल्याच्या आडून कागद फाडता येतो म्हणे. आणि रुमाल काढून नाक पुसणारा तर त्यांच्या लेखी निम्मा गुन्हेगारच.

जाताना प्रत्येकाने वही झटकून दाखवायची, छत्री उघडून दाखवायची. एकदा एका परगावच्या विद्वानाला त्यांनी बूट-मोजे काढायला लावले. मोज्यातून पाय निघाला. तरी काकांचं समाधान झालं नाही ते नाहीच.

घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, "मलाही एकदा तोलून ठेवा की. माहेरून आले म्हणजे ताळा बघता येईल."

"तिकडून तू वजन वाढवूनच येतेस," काका म्हणायचे. "त्यात शोधायचं काय?"

पण माणूस जन्मापासून असा नव्हता. एके काळी याच खोलीत काका इतके भोळसट होते, की वाचक आपल्या हाताने कपाट उघडत आणि आपल्या हाताने लावत. मग एक दिवस वनस्पतींचं ते पुस्तक उघडलं गेलं. छपाईची कला अगदी नवी होती तेव्हा निघालेलं. लाकडी ठशांनी चित्रं छापलेली, मग कुणीतरी बसून एकेक हाताने रंगवलेली. त्यातली सगळ्यात देखणी चित्रं गायब. देखणी म्हणजे विषारी: धोतरा, कण्हेर, अफूचं बोंड. धारदार पात्याने पानं कापून नेली होती, शिवणीशी बोटभर पट्टी तेवढी उरलेली.

कपाटाची किल्ली काकांकडे. झालं, चौकशी बसली. चौकशी करणाऱ्यांत 'सर' होते. मोठे विद्वान, बोलायला गोड, रोज यायचे. खिडकीजवळची खुर्ची काका त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. शेवटच्या बैठकीत सर हळहळून म्हणाले, "गरीब माणूस आहे. जाऊ द्या, सोडून द्या."

एवढ्या दयेने काका कायमचे बुडाले. सोडून दिलं म्हणजे केलंच असणार, हे शिपायापासून सगळ्यांना कळलं. नोकरी राहिली, नाव गेलं. मेहुणा घरी आला की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून विचारायचा, "काय भावजी, हेही तिथलंच का?" सगळे हसायचे. काकाही हसायचे. मग पुढचा अर्धा दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. काटा आला तो त्यानंतर.

आता निवृत्ती दाराशी आली होती. "मी गेल्यावर काय म्हणतील ठाऊक आहे?" काका बायकोला म्हणत, "चित्रं नेणारा म्हातारा गेला एकदाचा."

अशात एक बाई येऊ लागल्या. पिकलेले केस, चष्मा दोरीला अडकवलेला, हातात एक मोठी चपटी फाइल. मागायचं ते नेमकं वनस्पतींचं पुस्तक. टिपण घेणं नाही, भिंगातून बघणं नाही. चार पानं उलटायची, खिडकीबाहेर बघत बसायचं आणि निघायचं. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"वही झटका."

"वही आणलीच नाही."

"मग फाइल उघडा."

बाईंनी उघडली. आत काही नव्हतं.

"रिकामी फाइल घेऊन कशाला येता?"

"सवय," बाई म्हणाल्या, आणि गेल्या.

काकांनी पुस्तक पारड्यात ठेवलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुस्तक जड झालं होतं. आधी संशय हवेवर गेला, दमट हवेत कागद पाणी पितो. म्हणून शेजारचं पुस्तक तोललं, ते होतं तेवढंच. मग संशय काट्यावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा काट्यावर संशय घ्यावा लागला, म्हणून काका मनातून ओशाळले. काटा पुसला, पुन्हा तोललं. जडच.

मग एकेक पान उलटत गेले. उरलेल्या एका पट्टीशी धोतऱ्याचं पान टेकवून ठेवलं होतं. पांढरी फुलं, काटेरी फळ, कोपऱ्यात ग्रंथालयाचा गोल शिक्का.

खोटं असणार, हा पहिला विचार. हल्ली नकला इतक्या हुबेहूब निघतात. त्यांनी पानाची कड पट्टीच्या कडेला लावली. ठशाची एक रेघ पट्टीवर अर्धी तुटली होती, ती पानावर पुढे गेली. काका खुर्चीत बसले. नेणाऱ्याचा बंदोबस्त त्यांनी चोख ठेवला होता, ठेवणाऱ्याचा कधी सुचलाच नव्हता. इतकी वर्षं जाणाऱ्याची झडती, आणि येणाऱ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

बाईंचं सभासदपत्र त्यांनी काढून बघितलं. पत्ता सरांच्या घरचा होता. सर वारून फार दिवस झाले नव्हते. काकांच्या डोक्यावरच, भिंतीवर, सरांचा मोठा फोटो होता. हयात असतानाच सरांनी तो स्वतः फ्रेम करून ग्रंथालयाला भेट दिला होता. आपलाच फोटो आपल्याच हाताने भेट देणारा माणूस, आणि इतकी वर्षं काकांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

घरी बायकोने ऐकून घेतलं. "मग जा की वर. ओरडून सांगा सगळ्यांना."

"ओरडलो तर उरलेली पानं येतील का?"

"आणि नाही ओरडलात तर तुमचं नाव येईल का परत?"

 मग काकांनी एक अवघड काम केलं: बघायचं सोडून दिलं. बाई आल्या की ते पारडी पुसायला घेत, एरवी कधी न दिसलेला पारड्यावरचा डाग नखाने खरवडत बसत. मान दुसरीकडे, कान मात्र कागदाच्या सळसळीला. आपण चोराला साथ देतोय की काय, असा संशय आता त्यांना स्वतःचाच येऊ लागला. कण्हेर आली. अफूचं बोंड आलं. पुस्तक जड होत गेलं. शेवटी एकच पट्टी मोकळी राहिली, आणि बाई यायच्या थांबल्या.

काकांचा जीव टांगणीला. गप्प बसून आपणच आपलं वाटोळं केलं, असं वाटू लागलं. बाई गेल्या तर सांगायला कुणी उरलंच नाही. उलट ही सगळी पानं कुठून आली, असं विचारून पुन्हा बोट त्यांच्याकडेच. घरी होती, आता घाबरून ठेवली, असंच म्हणणार. मेहुण्याला तर आयुष्याची सोय.

मग एका सकाळी बाई आल्या. हातात फाइल नव्हती. पुस्तक मागितलं, उघडलं नाही, परत आणून दिलं.

"एक राहिलंय, बाई," काका हळूच म्हणाले.

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. "कधी कळलं?"

"पहिल्याच पानाला. पुस्तक जड झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर उरलेली जाळली असतीत."

"जाळलीच असती," बाई म्हणाल्या. "राहिलंय ते आमच्या घरी भिंतीवर आहे. यांनी मला लग्नाच्या वाढदिवसाला दिलं होतं, फ्रेम करून. मी आपली बाजारातली छापील तसबीर समजत होते. हे गेल्यावर यांची ट्रंक उघडली तेव्हा बाकीची दिसली. ती आणली. हे काढायला हात होत नाही."

"काढूच नका. फ्रेमसकट आणा. पुढच्या दाराने, सगळ्यांदेखत. आणि कुणी कापलं ते सांगा."

"त्यांचं नाव जाईल हो."

"माझं गेलंय ते कुठे आलं अजून?"

बाई उठून गेल्या. काका त्यांना काही झटकायला सांगायचं विसरले.

त्या येणार नाहीत, अशी काकांची पक्की खात्री झाली. त्यांच्या खात्र्या चुकायच्या, तशी हीही चुकली. बाई आल्या त्या फ्रेम काखेत धरून, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "ग्रंथपालांना बोलवा."

ग्रंथपाल आले. माणूस गुळगुळीत, भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. फ्रेम, पुस्तक, पानं, सगळं बघून म्हणाले, "असं करू. एका हितचिंतकाकडून परत मिळालं, एवढंच लिहू. उगाच संस्थेचं नाव कशाला."

"या माणसाचं नाव गेलं तेव्हा नाही आठवली संस्था?" बाई म्हणाल्या. "लिहा. पानं माझ्या नवऱ्याने कापली. आणि चौकशीला बसून यांना मोठ्या मनाने सोडून दिलं, तेही माझ्या नवऱ्यानेच. लिहा तुम्ही, मी सही करते."

ग्रंथपालांनी लिहिलं. बाईंनी सही केली. काकांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला, शब्दांत कुठे फट ठेवलीय का ते बघितलं, नाही म्हटल्यावर एक प्रत मागून घेतली आणि खिशात घातली. मेहुणा येत्या रविवारी जेवायला यायचा होता.

ग्रंथपालांनी फ्रेमचे बारीक खिळे उपसून पान काढलं, पाठीचा पुठ्ठा परत बसवला आणि फ्रेम बाईंच्या हातात दिली. बाई दाराशी पोचल्या.

"थांबा," काका म्हणाले. "फ्रेम दाखवा."

"अहो काका, आता काय?" ग्रंथपाल वैतागले. "रिकामी आहे ती."

"रिकामी आहे तर दाखवायला काय जातं?"

बाईंनी मुकाट्याने फ्रेम दिली. काकांनी ती काट्यावर नाही ठेवली, नुसती हातावर तोलली. मग पुठ्ठ्यामागे चिकटवलेला खाकी कागद बोटाने दाबत गेले. एका जागी तो दबला नाही. त्यांनी कागदाची कड सोडवली आणि आतून एक घडी ओढून काढली. नदीच्या मुखाचा नकाशा, जुना, हाताने रंगवलेला, कोपऱ्यात तोच गोल शिक्का. कुठल्या पुस्तकातला, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो गेल्याचंही कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मला हे माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, वाचकांकडे बघायचे तसंच. मग म्हणाले, "कळलं मला."

 मग तिघांचीही नजर हळूहळू वर गेली, भिंतीवर, जिथे सर जाड सोनेरी चौकटीतून गोड हसत होते.

काकांनी स्टूल ओढलं.

"काका, पडाल," ग्रंथपाल म्हणाले. "आणि अहो, तो फोटो आहे."

"चढू द्या त्यांना," म्हणत बाई पुढे झाल्या आणि स्टुलाचा पाय घट्ट धरला. "जपून हं. ती चौकटही यांनी घरीच केली होती, दार लावून."