गॅसबत्तीच्या मेंटलवरची सोडत

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत बारा फ्लॅट आणि छताखाली गाडी लावायच्या चार जागा होत्या. सोसायटी झाली तेव्हा एकच मोटार होती, त्यामुळे चार जागा चैन वाटायची. मग कर्जं सोपी झाली, आयटीतले पगार आले आणि पाच-सहा वर्षांत मोटारी सात झाल्या. जागांसाठी सोडत काढायचं ठरलं.

तिसऱ्या मजल्यावर वर्ध्याकडचा एक इंजिनिअर राहायचा. हिंजवडीत नोकरी, नुकतंच लग्न झालेलं. सोसायटीत बाहेरगावचं असं त्याचं एकच घर. त्याने आपणहून सांगितलं, "मी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून देतो न." शनिवारी त्याने सेक्रेटरींना तो चालवून दाखवला. सेक्रेटरी शिस्तीचे, त्यांनी चाचणीचा निकालही एका पाकिटामागे लिहून ठेवला. रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली, इंजिनिअरने बटण दाबलं आणि चार नावं आली. सेक्रेटरींनी पाकीट उलटं करून पाहिलं.

"हे तर कालचंच आलं," ते म्हणाले. "क्रमसुद्धा तोच."

चारांत दुसरं नाव इंजिनिअरचं होतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले तळमजल्यावरचे गृहस्थ उठले. त्यांचं नाव आलं नव्हतं.

"म्हणजे काल ठरवलं, आज वाचून दाखवलं. आम्हाला काय चहाला बोलावलंत?"

इंजिनिअर काहीतरी सांगत होता, पण ते कोणी ऐकलं नाही. सभा मोडली.

वर्तमानपत्रात काम करतो म्हणून सोसायटीचं इतिवृत्त माझ्याकडे होतं. मी लिहिलं : "सोडतीत गैरप्रकार झाल्याची चर्चा झाली." गैरप्रकार झाला असं मी म्हटलं नव्हतं. चर्चा झाली होती, तेवढंच लिहिलं होतं. बातमीदारीत असं वाक्य बिनचूक मानतात.

दोन दिवसांनी इंजिनिअर माझ्याकडे आला. तोपर्यंत इतिवृत्त फलकावर लागलं होतं.

"तुम्ही तर लिहूनच टाकलं न जी," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात आईबाबा कायमचे इथं राहायला येऊन राहिले. खाली उतरले की पहिले हेच वाचतील. माझ्याकडून चूक झाली, पण मी गैर काही केलं नाही."

मी त्याला सांगितलं, इतिवृत्तातला शब्द सभेत ठराव झाल्याशिवाय बदलता येत नाही. तेही बिनचूक होतं.

पुढच्या रविवारी सभा पुन्हा भरली. दुसऱ्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक राहत. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी आधी चूक समजावली. कॉम्प्युटर एका आकड्यापासून गणित सुरू करतो आणि त्यातून विस्कळीत दिसणारे आकडे काढतो. सुरुवातीचा आकडा दर वेळी बदलावा लागतो, ते याच्याकडून राहिलं. "सुरुवात तीच, तर शेवटही तोच. यंत्रात योगायोग नसतो."

"मग चिठ्ठ्या टाका," बँकवाले म्हणाले.

"उचलणार कोण? तुमचा नातू?" मागून कोणीतरी विचारलं.

यावर बराच वेळ गेला. सर म्हणाले, चिठ्ठीतही खरा योगायोग नाही. घडी, हात, डबा यांचं सगळं कळलं तर निकाल आधीच सांगता येईल. आपल्याला कळत नाही, इतकंच. मग त्यांनी पिशवीतून जुन्या कॉलेजमधून सही करून आणलेला, किरणोत्सर्ग मोजायचा गायगर काउंटर काढला आणि त्याच्या नळीशेजारी गॅसबत्तीचं मेंटल ठेवलं, ज्योतीभोवती बसवतात ती कापडी जाळी. जाळीत थोडं किरणोत्सर्गी थोरियम असतं. त्याचे अणू फुटतात, तसा काउंटर टिकटिकतो आणि आकडा पुढे सरकतो. प्रत्येकाला एक मिनिट. ज्यांच्या मिनिटात जास्त टिकटिक, त्या चौघांना जागा.

"नेमका कुठला अणू कधी फुटेल, हे कोण ठरवतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कोणीच नाही. सरासरी सांगता येते. पुढची टिक सांगता येत नाही, सगळं माहीत असलं तरी."

"कारणाशिवाय? सोसायटीच्या उपविधीत बसेल का हे?"

बँकवाल्यांना वेगळीच शंका होती. इंजिनिअरच्या खिशात मोबाईल होता. सरांनी सगळ्यांचे मोबाईल जिन्यात ठेवायला लावले. रेडिओ, मोबाईल, ऊन, आणि या जाळीतून निघणारे गॅमा किरण, सगळ्या विद्युतचुंबकीय लहरीच, ते म्हणाले, फक्त लांबी वेगळी. मोबाईलची लहर काउंटरच्या वायरीत गडबड करू शकेल, अणूच्या पोटात नाही. त्याला तिचा पत्ताही लागत नाही.

सात मिनिटं मोजणी झाली. तीन जागा सरळ गेल्या. चौथ्या जागेसाठी इंजिनिअरचे एकशे एक्याण्णव आले, बँकवाल्यांचे एकशे अठ्ठ्याऐंशी.

इंजिनिअर जमिनीकडे बघत होता. जागा मिळाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

"परत मोजा," बँकवाले म्हणाले.

"मोजू की," सर म्हणाले. "दर वेळी वेगळं येईल. कुठलं खरं धरायचं ते तुम्ही सांगा."

बँकवाले काउंटरकडे पाहत राहिले. तो अजून टिकटिकत होता, मध्येच दोन पटापट, मग बराच वेळ काही नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"अहो संपादक, मागचं इतिवृत्त वाचा."

मी वाचलं.

"त्यात 'गैरप्रकार' काढा. 'प्रोग्रॅममध्ये चूक झाली' असं लिहा, फलकावरही. सूचक म्हणून माझं नाव घाला."

"अनुमोदक?" सेक्रेटरींनी विचारलं.

इंजिनिअरने हात वर केला.

"तुम्हाला नाही देता येत हो," बँकवाले म्हणाले. "तुमच्याबद्दलच आहे ते. बसा खाली."

सरांनी अनुमोदन दिलं. मी जुन्या शब्दावर रेघ मारली, वर नवे शब्द लिहिले आणि बाजूला सही केली. इंजिनिअरने वही स्वतःकडे ओढून ते वाक्य दोनदा वाचलं, मग मोबाईल आणायला जिन्यात गेला. तिथूनच त्याने आईबाबांना फोन लावला.