आधी बसू दे

देशातली एक मोठी तेल कंपनी ब्रह्मपुरीच्या पंपावरचे चाचा एकट्याने चालवतात, अशी बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत माझी पक्की समजूत होती. चाचांची तर ती आजही आहे. खरं म्हणजे ते गाड्यांत तेल भरत. त्यांना कामावर ठेवलं होतं पंपाच्या मालकाने. कंपनीच्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. पण ईदचा कुर्ता सोडला तर त्यांच्या अंगावर मी कंपनीच्या गणवेशाखेरीज दुसरा कपडा पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीतही ते छातीवर बिल्ला लावून बसत.

गावी जाणारी माझी बस पंपासमोर थांबायची आणि सावलीला बाक होता तो पंपावरच. त्या बाकावर मला कंपनीचा इतिहास कळला. "पयले गोऱ्यायची कंपनी होती, बेटी. बैलगाडीनं रॉकेलचे डबे पार आलापल्लीपर्यंत जायचे. मंग आम्ही घेतली." हे "आम्ही" ऐकून वाटावं की कंपनी ताब्यात घेताना सरकारने चाचांना विचारूनच सही केली. पुढे खुलासा झाला. जुनी पाटी उतरवून नवी लावली, तेव्हा खाली शिडी चाचांनी धरली होती. व्यवसायही ते एका वाक्यात सांगत, "समुद्राच्या पोटातून निंगते, मुंबईले शिजते, आन् ब्रह्मपुरीले माह्या हातानं वाढल्या जाते." समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.

त्यांचा एक नियम मात्र देवाज्ञेसारखा होता. टँकर आला की त्याला हात लावायचा नाही. बाहेर जीपवाले शिव्या घालत असोत, पोलिसांची गाडी गडचिरोलीला निघालेली असो, चाचा घड्याळ बघत उभे. "आधी बसू दे त्याले. हालून राह्यलेलं तेल खरं बोलत नाई." तेलात पाणी असलं तर ते तोवर तळाशी बसतं. दहा मिनिटांनी मापाच्या कांडीला लेप लावून ती टँकरच्या तळापर्यंत सोडायची, पाणी असलं की लेपाचा रंग बदलतो. हाच नियम ते माणसांनाही लावत. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर चाचांनी सरबत दिलं आणि दहा मिनिटं अवाक्षर काढलं नाही. आठव्या मिनिटाला मुलाचा बाप घामाघूम झाला आणि मुलगा बारावीत दोनदा नापास झाल्याचं आपणहून सांगून बसला. चाचा बायकोकडे वळून म्हणाले, "पाह्य, पाणी खाली बसलं." लग्न झालं. खरं बोलणारा व्याही त्यांना पसंत पडला.

रोज सकाळी काचेच्या उभ्या भांड्यात तेल घेऊन, त्यात आकडे कोरलेली तरंगती नळी सोडून घनता बघावी लागे. तापमानाप्रमाणे ती तक्त्यात शोधायची. ते बारीक आकडे चाचांच्या चष्म्याला दाद देत नसत, म्हणून कॉलेजला जाताना मी वाचून देई. "किती आलं?" असं ते अशा सुरात विचारत, जणू मुलीचा निकाल लागला आहे.

माझा निकाल लागला तेव्हा घरात पुढचं ठरलेलंच होतं. बाबा राइस मिलमध्ये हमाल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर स्थळं बघायची. चाचांनी पेपरातून कापून ठेवलेली जाहिरात पुढे केली. कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा होत्या.
"मले कोन घेते, चाचा?"
"काऊन? आमची कंपनी हाय. भर फारम."

लेखी परीक्षा मी पास झाले. मुलाखतीला समोर पाच साहेब बसलेले, आणि पाठ केलेलं सगळं इंग्रजी दाराबाहेरच राहिलं. बाबांनी उसन्या बॅगेत भरून दिलेला डबा तेवढा डोळ्यांसमोर येत होता. मग एका साहेबांनी मराठीत विचारलं, "पंप कोरडा पडलाय, बाहेर रांग लागलीय, टँकर आत्ताच आला. पहिलं काय कराल?"
माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी बसू द्याचं त्याले, सर."
"का?"
"हालून राह्यलेलं तेल खरं बोलत नाई."
पाचही जण हसले. मग मी कांडी, लेप, नळी, तक्ता सगळं सांगत गेले, आणि कुणी मला थांबवलं नाही. शेवटी त्या साहेबांनी विचारलं, "कुठल्या संस्थेत शिकलात हे?" मी पंपाचं नाव सांगितलं. महिन्याभरात पत्र आलं. बाबांनी ते मिलमध्ये सगळ्यांना दाखवलं, चाचांनी पंपावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगितलं, "आमच्या कंपनीनं पोरगी घेतली."

काही वर्षांनी कंपनीची फिरती प्रयोगशाळा घेऊन मी त्याच पंपावर तपासणीला गेले. चाचा थकले होते. मी साहित्य घेऊन उतरले, तसा त्यांनी हात वर केला. "आधी बस. एवढ्या दुरून आली तं." आम्ही त्याच बाकावर बसलो. दहा मिनिटं ते माझ्या बिल्ल्याकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी काचेचं भांडं माझ्यापुढे ठेवलं.

"लावा नळी, साहेब. किती आलं?"

मी नळी सोडली. पण आकडा वाचायला मला बराच वेळ लागला. तेल तर केव्हाच स्थिर झालं होतं.